तालुक्याच्या बातमीदाराचा फोन

जिल्हा दैनिकाच्या तालुका बातमीदाराचे कार्यालय म्हणजे बहुधा एक पाटी असते. ती घराच्या ओट्यावर, भावाच्या कृषी सेवा केंद्रावर किंवा बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानावर लावलेली असते. आत टेबल असलेच तर त्यावर न खपलेल्या अंकांचे गठ्ठे असतात. काम चालते ते फोनवर. बातमी तिथेच येते, तिथेच लिहिली जाते, तिथूनच जिल्ह्याला जाते. जाहिरातीचा मजकूर, बिल आणि पैसेही त्याच फोनवरून फिरतात. कुठल्याही कार्यालयाकडून लोकांची अपेक्षा जुनीच असते: आवक-जावक, दप्तर, हिशेब आणि दिवसाअखेर कुलूप. स्मार्टफोनने यातली आवक-जावक फार सोपी केली, हिशेबाला बराच हातभार लावला, दप्तराचा घोळ करून ठेवला आणि कुलूप लावायचे की नाही ते बातमीदारावर सोडून दिले.

१९९०च्या दशकापर्यंत तालुक्याची बातमी एस.टी.ने जात असे. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, ओळींमध्ये जागा सोडून ती लिहायची, पाकिटावर दैनिकाचे नाव टाकायचे आणि दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे सोपवायचे. जिल्ह्याच्या स्थानकावर दैनिकाचा शिपाई पाकिटे गोळा करी. गाडी चुकली की बातमी शिळी. खून, मोठा अपघात किंवा पूर असेल तर तार नाहीतर ट्रंक कॉल. पुढे एसटीडी बूथ आणि फॅक्स आले. छायाचित्राचा रोलही त्याच पाकिटातून जाई, त्यामुळे सोमवारच्या मोर्चाचा फोटो बुधवारच्या अंकात आला तरी कुणाला वावगे वाटत नसे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण बातमीदारांनी ती त्याच्या कितीतरी आधी सोडली होती. मधली काही वर्षे सायबर कॅफे आणि ई-मेलची गेली. फोनने पुरता ताबा घेतला तो ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन डेटाचे दर कोसळल्यावर.

त्या पाकिटामागे माणसे होती, हे विसरले जाते. बातमीदार लिहायचा, कंपोझिटर, नंतर डीटीपी ऑपरेटर, अक्षरे जुळवायचा, मुद्रितशोधक चुका काढायचा, फोटो काढणारा वेगळा आणि पाकीट आणणारा वेगळा. फोन आल्यावर यांतली बहुतेक कामे नाहीशी झाली नाहीत, ती जिल्ह्यातून तालुक्यात सरकली आणि एकाच माणसाच्या अंगठ्याखाली आली. मानधन त्या प्रमाणात वाढल्याचे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

सर्वांत मोठे सरकलेले काम टंकलेखनाचे. फोनवर मराठी लिहिणारे काही जण रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून देवनागरी मिळवतात, डीटीपीवर हात बसलेले देवनागरी कळफलक पसंत करतात आणि बरेच जण सरळ बोलतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. पन्नाशी ओलांडलेल्या अनेक बातमीदारांचे काम तिच्यामुळेच टिकले, असे म्हणायला हरकत नाही. पण ही सोय कशी चालते हे ठाऊक नसेल तर ती घात करते. यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हेही ती पाहते. म्हणून ‘जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश दिले’ हे वाक्य बिनचूक उमटते आणि आडवाटेच्या वाडीचे नाव मात्र एखाद्या ओळखीच्या शब्दात बदलून जाते. बातमीत नेमकी तीच नावे महत्त्वाची असतात. मृताचे आडनाव चुकले तर सकाळी घरी माणसे येतात. त्यामुळे मजकूर बोलून घ्यावा, पण नावे, वये आणि आकडे हातानेच टाकावेत, हा नियम जाणत्यांनी आपापला घालून घेतलेला आहे.

दुसरी अडचण फोनच्या बाहेरची आहे. फोनवरचे मराठी युनिकोडमध्ये असते, तर अनेक दैनिकांची पाने बरीच वर्षे श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागत आली आहेत. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मागून ऱ्हस्व वेलांटी, पडद्यावर वेलांटी डावीकडे दिसली तरीही. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो तो क्रम: आधी वेलांटी, मग क. ‘कार्य’मधला रफार युनिकोडमध्ये य-च्या आधी, जुन्या फॉन्टमध्ये नंतर. मजकूर एका पद्धतीतून दुसरीत नेणाऱ्या कन्व्हर्टरला हे सगळे क्रम उलटेपालटे करावे लागतात आणि जोडाक्षर लांबले की त्याची गफलत होते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र तर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कन्व्हर्टरला त्यातली एकच तऱ्हा ठाऊक असेल तर अंकात ‘दुसर्या’ छापून येते. वाचक ते बातमीदाराच्या अज्ञानाच्या खाती टाकतो. खरे तर त्याने फोनवर शब्द बरोबर लिहिलेला असतो.

फोटोचे गणित वेगळे. फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. एवढ्या लहान जागेवर रात्री पुरेसा प्रकाश पडत नाही. म्हणून फोन एका टिचकीत अनेक छबी घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि त्यातून एक उजळ चित्र तयार करतो. उभ्या ट्रॅक्टरसाठी हे उत्तम. धावत्या माणसांच्या गर्दीत मात्र कुणाला तीन हात दिसू शकतात. आठ कॉलमी अंकात तीन कॉलमी फोटोची रुंदी साधारण १२ सेंटिमीटर असते. वृत्तपत्री कागदाला इंचाला २०० ठिपके पुरतात, म्हणजे एवढ्या फोटोला रुंदीत हजाराच्या आतबाहेर ठिपके झाले तरी चालते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करते, तरी तेवढे ठिपके बहुधा शिल्लक राहतात. घोटाळा होतो तो उपसंपादकाने गर्दीतला एकच चेहरा कापून मोठा करायचे ठरवले की. मग रात्री फोन येतो, ‘ओरिजिनल पाठवा’. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की आकार कमी होत नाही. पण त्याबरोबर फोटोत दडलेली माहितीही जाते. स्थान नोंदवणे चालू असेल तर त्या माहितीत अक्षांश-रेखांश असतात. बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचे नावच नव्हे, तर पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार असे ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. मजकुरातून गावाचे नाव वगळायचे आणि फोटोच्या फाइलमधून घराचा ठावठिकाणा पुढे धाडायचा, हे अजाणता घडू शकते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान बंद ठेवणे बरे. आणि अशा घराचा फोटो मुळात न काढणे त्याहून बरे.

आवक बहुतांश व्हॉट्सॲपवर. तहसील कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणे, बाजार समिती, प्रत्येक पक्षाची प्रत्येक आघाडी, यांचे आपापले ग्रुप असतात. प्रेसनोट आता टाइप करून येत नाही. सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो येतो. त्यातला मजकूर उचलायला गूगल लेन्ससारखे ॲप उपयोगी पडते. ते चित्रातले आकार ओळखून त्यांची अक्षरे करते. छापील देवनागरी बऱ्यापैकी जमते, ग्रामसेवकाच्या हस्ताक्षरापुढे मात्र हात टेकते. अनेक ग्रुपवर एकच प्रेसनोट पडते आणि तालुक्यातले सगळे बातमीदार तीच उचलतात. दुसऱ्या दिवशी चार दैनिकांत शब्दाला शब्द जुळणारी बातमी दिसते, ती यामुळे. आवक सोपी झाली याचा हा एक परिणाम आहे आणि तो चांगला म्हणता येणार नाही.

पडताळणीची साधनेही त्याच फोनवर आहेत. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराचा एखादा फोटो पुढच्या पावसाळ्यात ‘आत्ताचा’ म्हणून आला, तर चित्रावरून शोध घेतल्यावर तो आधी कुठे आला होता हे कळू शकते. पण ‘आधी सापडला नाही’ याचा अर्थ ‘खरा’ असा होत नाही, आणि गावातल्या ओळखीच्या माणसाला लावलेला एक फोन अजूनही या सगळ्यांपेक्षा भरवशाचा असतो. गुन्ह्याच्या बातमीसाठी आणखी एक दार उघडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्यास सांगितले. त्यामुळे ठाणे अंमलदाराच्या मर्जीवरचे अवलंबून राहणे कमी झाले. निदान व्हायला हवे होते. सवयीने बरेच जण अजून ठाण्यातच विचारतात, कारण तिथे अहवालात नसलेलेही कळते.

बोलण्याची नोंद ठेवणे हा जुना प्रश्न. नेत्याने ‘मी असे बोललोच नाही’ म्हटले की वहीतल्या टिपणाला किंमत राहत नाही, म्हणून कॉल रेकॉर्ड करण्याची पद्धत पडली. मे २०२२ मध्ये गूगलने आपल्या नियमांत बदल करून प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंगच्या ॲपना लागणारी वाट बंद केली. फोनमध्येच ती सोय असली, तर गूगलचे डायलर ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असे समोरच्यालाही ऐकवते. तेव्हापासून काही जण स्पीकर चालू करून दुसऱ्या फोनवर आवाज घेतात. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की ही नोंद उद्या न्यायालयात लागली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याची तरतूद आहे आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलमध्ये एका ठिपक्याचा फरक पडला तरी ती ओळ बदलते. पुढे पाठवताना आकार बदललेल्या प्रतीची ओळ मूळ फाइलशी जुळत नाही, म्हणून मूळ फाइल जपावी लागते.

आणि जपण्याच्या बाबतीतच फोन हे कार्यालय कच्चे ठरते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र जागा असते आणि एका ॲपला दुसऱ्याच्या जागेत सहज शिरता येत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच. पण त्यामुळे एकच पंचनामा व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये, डाउनलोडमध्ये आणि स्कॅनच्या ॲपमध्ये अशा तीन ठिकाणी पडून राहतो आणि हवा तेव्हा एकाही ठिकाणी सापडत नाही. गॅलरी स्वतः काही साठवत नाही, फोनवर जिथे जिथे चित्रे आहेत ती फक्त दाखवते. जागा संपली म्हणून व्हॉट्सॲपची सफाई केली की गॅलरीतले फोटोही जातात, ते यामुळे. गूगलची १५ जीबी मोफत जागा ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून असते, हेही भरल्यावरच लक्षात येते. ज्यांचे दप्तर नीट असते त्यांनी बहुधा एकच शिस्त लावलेली असते: आलेला महत्त्वाचा कागद त्याच दिवशी नाव देऊन एका फोल्डरमध्ये टाकायचा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहायचा. तसे केले की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. काम दोन मिनिटांचे आहे, पण रात्री दहा वाजता ते करायला कुणी बसत नाही.

हिशेब म्हणजे मुख्यतः जाहिरात. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, दिवाळी आणि आमदारांचा वाढदिवस हे तालुका बातमीदाराचे सुगीचे दिवस; बातमीच्या मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते, असे अनेकांच्या बाबतीत म्हणता येते. दर कॉलम सेंटिमीटरवर असतो. समजा दर १०० रुपये आणि जाहिरात तीन कॉलम गुणिले १५ सेंटिमीटर, तर ४५ कॉलम सेंटिमीटरचे ४,५०० रुपये, त्यावर छापील जाहिरातीचा ५ टक्के जीएसटी २२५ रुपये, एकूण ४,७२५. हे बिल फोनवरच तयार होते आणि पीडीएफ होऊन जाते. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे वसुलीच्या फेऱ्या कमी झाल्या. पण पैसे बातमीदाराच्या स्वतःच्या खात्यावर येतात आणि तिथेच किराणा, मुलांची फी आणि दैनिकाची रक्कम एकत्र होते. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो बिलावर लिहून ठेवणाऱ्याचा मार्च महिना सुखाचा जातो. जाहिरातीच्या चित्राबद्दल मात्र भांडण ठरलेले. फोनचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो आणि कार्यकर्ते ‘साहेबांचा फोटो काळा आला’ म्हणून पैसे अडवतात.

पडदा, बॅटरी आणि रेंज ही या कार्यालयाची इमारत. पडद्याला बोट कळते ते बोटाने त्याच्या पृष्ठभागावरचे विद्युतक्षेत्र बदलते म्हणून. पावसाचे थेंबही तेच करतात. त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर भर पावसात फोन भलत्याच ठिकाणी टिचक्या घेतो, आणि अशा वेळी आवाजाची बटणे दाबून फोटो घ्यावे लागतात. लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला फोन लवकर म्हातारा होतो. दरीखोऱ्यात बॅटरी झपाट्याने उतरते, त्याचे कारण वेगळे: टॉवर लांब असला की फोन आपली संदेश पाठवण्याची शक्ती वाढवतो आणि सिग्नल शोधत राहतो. बातमी लिहीत असताना फोन विमान मोडवर ठेवणे आणि पाठवायच्या वेळी उंचवट्यावर येऊन तो मोड काढणे, ही युक्ती डोंगरी तालुक्यांत सर्रास चालते. डेटा अजिबात नसेल तर साधा एसएमएस कधीकधी जातो. त्यात रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. पुराच्या पहिल्या बातमीला रोमन मराठी वापरली जाते, त्यामागे हे कारण आहे.

राहिले कुलूप. चोरापासूनचे कुलूप त्यातल्या त्यात सोपे: पडद्याला लॉक, व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी, आणि लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल न उघडणे. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. ते बसवून परवानगी दिली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे लागते. फोन हरवला तर आयएमईआय या पंधरा आकडी क्रमांकावरून तो केंद्र सरकारच्या यंत्रणेत बंद करता येतो. मात्र तो क्रमांक आधीच कागदावर लिहिलेला असायला हवा. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो.

पोलिसांनीच फोन ताब्यात घेतला तर वरच्या कुठल्याही कुलपाचा उपयोग नाही. पूर्वी बातमीदाराची वही जप्त झाली तर वहीच जाई. आता फोनबरोबर त्याची सूत्रे, त्याची कमाई आणि त्याचे घरचे बोलणे एकदमच जाते, आणि जप्ती उठेपर्यंत काम बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांची डिजिटल साधने जप्त करण्याचा विषय गंभीर असल्याचे म्हटले आणि त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत, असे केंद्र सरकारला सांगितले.

वेळेचे कुलूप तर कुणी लावतच नाही. श्रमिक पत्रकारांसाठीच्या १९५५ च्या कायद्याने लागोपाठच्या चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली होती. पण ती पगारी पत्रकारासाठी. कॉलमवर मानधन घेणाऱ्या तालुका बातमीदाराचे तास कुणी मोजत नाही. पाकिटाच्या काळात दुपारची गाडी सुटली की दिवसाचे काम संपे, कारण नंतर आलेली बातमी पाठवण्याचा मार्गच नसे. आता पान रात्री उशिरा सुटते, संकेतस्थळाला तर पानच नाही. काही जण रात्री ग्रुपचे आवाज बंद करतात आणि फक्त जिल्हा कार्यालय, पोलीस ठाणे आणि ग्रामीण रुग्णालय यांचे फोन वाजू देतात. एवढी वर्गवारी केली तरी झोप लागते.

हे कार्यालय कुणाच्या मालकीचे, हे दैनिक बदलताना कळते. ओळखपत्र परत द्यावे लागते, उरलेल्या वसुलीचा हिशेब करावा लागतो. फोन, नंबर, संपर्क आणि जुने फोटो बातमीदाराकडेच राहतात, कारण त्यातले काहीच दैनिकाने दिलेले नसते. तो ग्रुपमधल्या आपल्या नावापुढचे दैनिकाचे नाव तेवढे बदलतो. जुन्या दैनिकाचा नवा माणूस पोलीस ठाण्याच्या ग्रुपमध्ये घ्या म्हणून दोन-तीन दिवस विनंती करत राहतो.